डाव ओळखायचा तर सांगाडा की अख्खा व्हिडिओ?

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय निघाला की कुणीतरी कुस्तीवर येतंच. व्हिडिओ द्यायचा आणि त्यातला डाव ढाक की धोबीपछाड हे कॉम्प्युटरने सांगायचं. वाटा मुख्यतः दोन.

पहिली सांगाड्याची. मीडियापाइप हे सॉफ्टवेअर व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममधून (म्हणजे एकेका चित्रातून) शरीराचे 33 बिंदू काढतं आणि ते कसे सरकले यावरून क्रिया ठरते. साध्या लॅपटॉपवर काम भागतं, थोड्या क्लिपांतही निकाल दिसतो. जोर-बैठका मोजायच्या असतील तर यापुढे जाऊच नका. मर्दानी खेळालाही हे बऱ्यापैकी जमतं. फक्त लाठी किंवा दांडपट्टा त्या 33 बिंदूंत नसतो, हात तेवढा दिसतो.

कुस्तीत मात्र ही वाट फसते. दोन पैलवान गुंतले की कुठला पाय कुणाचा हे प्रेक्षकालाही पटकन कळत नाही. ओपनपोज हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर एका वेळी अनेक माणसं धरतं खरं, पण पकड पडली की बिंदू या अंगावरून त्या अंगावर उड्या मारतात.

दुसरी वाट थेट पिक्सेलची, म्हणजे सांगाडा न काढता अख्खा व्हिडिओच बघून क्रिया ओळखणारी मॉडेलं: 2017 चं आयथ्रीडी, 2022 चं व्हिडिओएमएई. हे महागडं काम, ग्राफिक्स कार्ड हवंच. आयथ्रीडी ज्या कायनेटिक्स नावाच्या व्हिडिओसंग्रहावर शिकलं त्यात 400 क्रिया, प्रत्येकीच्या किमान 400 क्लिपा. पण कुस्ती हा त्यात एकच वर्ग, डावांची नावं नाहीत. ती तुम्हालाच शिकवावी लागणार.

इथे दोन खड्डे आहेत. ढाकेच्या सगळ्या क्लिपा खासबागेच्या मातीतल्या आखाड्यातल्या आणि धोबीपछाडीच्या मॅटवरच्या असल्या, तर मॉडेल डाव शिकतच नाही, तांबडी माती शिकतं. एकाच कुस्तीचे तुकडे शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे टाकले तरी तसंच. अचूकता भरघोस दिसते आणि नव्या मैदानात तोंडावर आपटते. दुसरा खड्डा वेळेचा. दहा सेकंदांतून 16 फ्रेम उचलल्या तर दीड सेकंदाच्या डावाला जेमतेम दोन-तीन येतात. क्लिप डावाभोवती घट्ट कापा.

माझं मत विचाराल तर एकट्या माणसाची हालचाल असेल तिथे सांगाडा, कुस्तीला पिक्सेल. ग्राफिक्स कार्ड मिळत नसेल तर विषयच बदला आणि बैठका मोजा, त्यात कमीपणा नाही. आणि कुठल्या क्लिपेत कुठला डाव ही लेबलं मित्रांकडून लावून घेऊ नका. तालमीतल्या वस्तादांना शेजारी बसवा. डाव लागला की नुसता टाकून बघितला, हे त्यांनाच कळतं.