वायंगण की अळसांदे? ओझोनच्या नजरेतून

शरदाचं, म्हणजे पावसाळी भात कापून झालं की गोव्यात डिचोलीकडे दरवर्षी हाच प्रश्न: वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं पाण्यावरचं भात लावायचं, की अळसांदे, म्हणजे चवळी? पाणी आणि मजुरी आपण मोजतोच, पिकाच्या पानांना इजा करणारा जमिनीलगतचा ओझोन वायू मात्र कोणी मोजत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि सेंद्रिय वाफा उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो. पावसाळ्यात ढग असतात, हवा धुतलेली असते, म्हणून शरदाला त्रास कमी. खरी झळ नंतरच्या उन्हाळी दिवसांत. आणि रस्त्यापासून लांब असलेलं शेत सुटतं असं नाही, वाऱ्याबरोबर तो गावापर्यंत पोचतो.

ओझोनपुढे अळसांदे मुळातच नाजूक. जुन्या पानाचा वरचा भाग उन्हात धरून बघा: शिरा हिरव्या, मधे तपकिरी बारीक ठिपके, खालची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ. ही ओझोनची खूण, पण कीड समजून आपण फवारणी करतो, पैसे फुकट जातात. अशा इजा झालेल्या पानात साखर कमी बनली की मुळांच्या गाठींनाही कमी मिळते, नत्र कमी बांधलं जातं.

भात त्या मानाने सोशीक. पण वायंगण पाण्यात उभं, पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) भर दुपारीही उघडी, म्हणजे ओझोन जास्त आत जातो. जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढणारे अळसांदे दुपारी रंध्रं मिटून थोडे तरी वाचतात. भाताचा दाणा भरतो तोही कडक उन्हात.

पाणी हमखास नसेल तर मी अळसांदेच लावीन, तेही लवकर, म्हणजे कडक ऊन पडण्याआधी शेंगा भरतील.