कोलंबिया रोडवरचं ‘पॉटर्स हाऊस’ : काही महिन्यांच्या येण्याजाण्यानंतर

वॉशिंग्टनच्या अॅडम्स मॉर्गन भागातल्या ‘पॉटर्स हाऊस’मध्ये माझं नेमाने जाणं-येणं सुरू होऊन आता बरेच महिने झाले, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कॉफी, पुस्तकांचं दुकान आणि कार्यक्रमांची जागा, तिन्ही एकाच छपराखाली. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. ती सुरू केली 1960 मध्ये, ‘चर्च ऑफ द सेव्हियर’ या लहानशा चर्चने.

सगळ्यात आधी इथली ‘पे इट फॉरवर्ड’ पद्धत सांगते. आपलं बिल देताना दुसऱ्या कुणाच्या जेवणाचेही पैसे भरता येतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काउंटरवर मागायचं, बस्स. गरजूंना जेवण देणारी ठिकाणं या शहरात पुष्कळ आहेत, पण तिथे घेणाऱ्यांची रांग वेगळी असते. इथे रांग एकच. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सूपाचे पैसे दिले की नाही, हे मला इतक्या महिन्यांत एकदाही कळलेलं नाही. हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत पान मांडताना कुणी ऐपत विचारत नाही, तसंच. मला ही जागा आवडते ती मुख्यतः यासाठी.

यामागची गोष्टही छान आहे. चर्चचे संस्थापक गॉर्डन कॉस्बी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात धर्मगुरू होते. पुढे एकदा न्यू इंग्लंडमध्ये प्रवचनाला गेले असताना त्यांचा आणि पत्नी मेरी यांचा मुक्काम एका दारूच्या गुत्त्यावरच्या खोलीत पडला. खालून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. नुकत्याच आटोपलेल्या प्रार्थनासभेपेक्षा येशू इथेच जास्त रमला असता, असं त्यांना वाटलं. त्यातून हे कॉफीहाऊस निघालं. सुरुवातीला चर्चच्या सभासदांचे गट एकेक संध्याकाळ वाटून घ्यायचे आणि स्वतःच वाढायचे.

पुढचं काम कपापुरतं राहिलं नाही. याच मंडळींमधून 1973 मध्ये ‘जुबिली हाऊसिंग’ उभी राहिली. मोडकळीला आलेल्या रिट्झ आणि मोझार्ट या दोन इमारती त्यांनी घेतल्या, त्या गरीब भाडेकरूंच्या आवाक्यात राहाव्यात म्हणून. बिल्डर जेम्स राऊस यांनी पैशांची बाजू उभी करायला मदत केली. मग लोकांना नोकऱ्या मिळवून देणारी ‘जुबिली जॉब्स’ आली, आणि 1985 मध्ये बेघर आजाऱ्यांसाठी ‘ख्राईस्ट हाऊस’. कॉस्बी 2013 मध्ये वारले ते याच ख्राईस्ट हाऊसमध्ये. या भागातली भाडी केवढी चढली आहेत ते घर शोधणाऱ्याला विचारा, म्हणजे त्या जुन्या इमारती वेळेत घेण्याचं मोल कळेल.

चर्चची जागा म्हणून कुणी बिचकत असेल तर सांगते, मी ख्रिस्ती नाही आणि माझ्याशी आजवर कुणी धर्माचा विषय काढलेला नाही. श्रद्धा दिसते ती पुस्तकांच्या निवडीत. धर्मचिंतनाच्या शेजारी वंशभेद आणि सामाजिक न्याय. 2015 मध्ये नूतनीकरणानंतर दुकान पुन्हा उघडलं तेव्हाही पुस्तकं गाळली नाहीत, याचा मला मनापासून आनंद आहे. एल साल्वादोरहून आलेली बरीच कुटुंबं या भागात आहेत, त्यामुळे कानावर स्पॅनिशही पडत राहते.

मेट्रोने वुडली पार्कला उतरून ड्यूक एलिंग्टन पूल ओलांडला की पुढे चालतच जाता येतं. पुस्तकं चाळायला वेगळा वेळ हाताशी ठेवा.