होमस्कूलिंगचं वेळापत्रक कशात ठेवायचं: रजिस्टर, बोर्ड की मोबाईल?

जे पालक यंदा पोरांना घरीच शिकवायचा विचार करून राहिले आहेत ते आधी अभ्यासक्रमाचं टेन्शन घेतात. ते घेऊ नका, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, सरकारच्या दीक्षा ॲपवर धडे आहेत. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी: सोमवारी काय ठरलं होतं, त्यातलं झालं किती, धाकटीचं गणित कुठवर आलं, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. आमच्याकडे तिन्ही प्रकार वापरून झालेत म्हणून सांगते.

माझं मत रजिस्टरच्या बाजूनं आहे. जाड पुठ्ठ्याचं, दोनशे पानी, नागपुरात बर्डीवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. प्रत्येक पोराचं वेगळं ठेवा. पानाच्या मधोमध एक रेघ मारायची, डावीकडे 'ठरलं' आणि उजवीकडे 'झालं', आणि उजवीकडचं पोरानंच लिहायचं, मोडकंतोडकं का असेना. कारण घरी शिकणं पुस्तकात मावत नाही ना. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या बैलपोळ्यासाठी, लाकडी बैल रंगवला, त्याच्या पायांची मापं घेतली, रमण सायन्स सेंटरमध्ये तासभर एकाच मॉडेलपाशी उभा राहिला, हे डावीकडे कधीच नसतं, पण उजवीकडे येतं आणि महिन्याभरानं पानं चाळली की आपल्यालाच कळतं की पोरगं शिकतंय. पुढे शाळेत परत टाकायचं ठरलं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुसार वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, पण समोरचे सर-मॅडम विचारतातच की घरी काय केलं, तेव्हा हे रजिस्टर पुढे ठेवता येतं. त्रास एकच, वेळापत्रक बदललं की सगळं परत लिहा.

आणि नागपुरात वेळापत्रक बदलतंच. एप्रिल संपता संपता पहाटे सहाला बसून दहाच्या आत अभ्यास उरकावा लागतो, दुपारी कूलरसमोर फक्त वाचन किंवा झोप, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की तेवढंही होत नाही. इथे मोबाईल जिंकतो. गुगल कॅलेंडरमध्ये रोज रिपीट होणारा तास एकदा सरकवून 'हा आणि पुढचे' निवडलं की पुढचे सगळे सरकतात, प्रत्येक पोराला वेगळा रंग देता येतो, नवरा ऑफिसात असला तरी त्याला दिसतं की आज संध्याकाळचं इंग्रजी त्याच्याकडे आहे. पण पोरांसाठी ते नाहीच. आता काय आहे बघायला म्हणून फोन हातात घेतला की दुसऱ्या मिनिटाला व्हिडिओ सुरू, मग तो काढून घ्यायचा, रडारड, अर्धी सकाळ गेली.

पांढरा बोर्ड सात-आठ वर्षांपर्यंतच्या पोरांना सगळ्यात चांगला. घड्याळ कळत नसलं तरी चित्रं कळतात, झालेलं काम स्वतः पुसायला त्यांना फार आवडतं, आणि आजी-आजोबांनाही येताजाता दिसतं की आज कविता राहिली. पण पुसलं की गेलं, म्हणजे नोंद शून्य. रोज फोटो काढू म्हणतात लोक, चार दिवस काढतात. बोर्डाऐवजी चार्टपेपर चिकटवणार असाल तर कूलरच्या खोलीत नको, दमट हवेनं टेप सुटते आणि वाऱ्यानं फडफड होते ती वेगळी.

मग घ्यायचं काय? एकच लहान पोर असेल तर बोर्ड, आणि रात्री रजिस्टरमध्ये दोन ओळी, बस. दोन-तीन पोरं वेगवेगळ्या इयत्तेची असतील तर रजिस्टरशिवाय भागत नाही. दोघंही नोकरीवाले असाल तर कॅलेंडर आधी, बाकी नंतर.

पोर तेरा-चौदाच्या आसपास असेल तर मात्र मोबाईल टाळूच नका. एनआयओएस म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येणारं केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड, त्याच्या दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि टीएमए म्हणजे असाइनमेंटला २० टक्के वजन आहे. नोंदणी ५ वर्षं चालते आणि त्यात ९ संधी मिळतात, म्हणून घाई नसते, आणि घाई नसते म्हणूनच फॉर्मची तारीख हातची निघून जाते. फॉर्म, फी, टीएमए, तिन्ही तारखा वेबसाईटवरून बघून टाका, पंधरा दिवस आधीचा एक आणि तीन दिवस आधीचा एक असे दोन रिमाइंडर लावा, आणि कॅलेंडर आईबाबा दोघांच्याही फोनवर शेअर करून रिमाइंडर दोघांनीही आपापल्या फोनवर लावा, एकाचा फोन बंद असला तरी दुसऱ्याचा वाजेल.