आमच्या आंब्याला मोकळा श्वास देणारे स्वयंसेवक
पणजीत कांपालच्या पर्जन्यवृक्षांखालून रोज ये-जा करणाऱ्या मला झाडांभोवतीचे काँक्रीट आणि खोडातले खिळे काढणाऱ्या या स्वयंसेवक गटाची सेवा मनापासून भावली. आमच्या गल्लीतील आंब्याचा बुंधा काँक्रीटने आवळलेला पाहून त्यांनी छिन्नीने ते हलकेच फोडले, मुळांना इजा होऊ न देता सभोवती हातभर माती मोकळी केली आणि खोडातले गंजलेले खिळे पकडीने एकेक करून उपसले; मुळांनाही हवा लागते, हे शेजाऱ्यांना शांतपणे समजावले. झाडच तोडा म्हणणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची आणि वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीची आठवण करून दिली, हे मला विशेष मोलाचे वाटले. झाड पाहायला या, या आमच्या निरोपाला गटाचे उत्तर मात्र तीन आठवड्यांनी आले, त्यामुळे पावसापूर्वी झाड दाखवायचे असल्यास एप्रिलमध्येच कळवावे.