टोपी कोणी कोणाला घातली? धनुष्याच्या रबरी टोपीसोबत आठ महिने

परवा धनुष्याच्या खालच्या टोकावरची रबरी टोपी काढली आणि आतून पाण्याचा थेंब पडला. मोठा नाही, डोळ्यात घालायच्या औषधाएवढा. पण त्याआधी दोन दिवस मी धनुष्याला हातही लावला नव्हता. म्हणजे ते पाणी दोन दिवस तरी तिथेच मुक्कामाला होतं. टोक उजेडात धरलं तर व्हार्निशवर अर्धचंद्राच्या आकाराचा दुधी डाग. टोकावरचा मायकार्टाचा (राळेत मुरवलेल्या कापडाचा कडक) थर आणि लाकूड यांच्यामधल्या गोंदाच्या रेषेवरून नख फिरवलं, ते एका जागी अडकलं. पोटात गोळा आला.

धनुष्य अखंड रिकर्व (एकसंध, टोकं पुढे वळलेलं), २८ इंच ओढलं की ४५ पौंड ताण. टोपी म्हणजे तीच, टोकाला जमिनीपासून वाचवायला सगळ्यांकडे असते ती: काळी, मऊ, दोरीसाठी दोन बाजूंना चिरा, तळ बंद. हा बंद तळ लक्षात ठेवा. पुढचं सगळं रडगाणं त्याचंच आहे.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, टोपी मैदानावर असतानाच वापरायची. ठेवताना काढायची." पाकिटावर हे कुठे लिहिलंय, विचारलं. "हे सगळ्यांना माहीत असतं सर." सगळ्यांना! मग पाकिटावर धनुष्याचं चित्र कशाला छापता, तेही सगळ्यांना माहीतच असतं. टोपी बदलून देणार का, तर नाही, कारण टोपीला काही झालेलं नाही. हे मात्र खरं. टोपी ठणठणीत आहे. झालंय ते धनुष्याला.

आता मुळात घेतली का, ते सांगतो. दोरी उतरवली की खालचा फास खाचेतून निसटून लिम्बवर (धनुष्याच्या लवणाऱ्या हातावर) घरंगळायचा, आणि पुन्हा चढवताना दर वेळी दोरीला पीळ पडलाय का ते बघत बसायचं. टोपीने तो त्रास पहिल्याच दिवशी संपवला. फास जागेवर, स्ट्रिंगर (दोरी चढवताना लिम्ब वाकवायची वेगळी दोरी) लावला, ओढलं, झालं. (स्ट्रिंगर न वापरता पाय घालून दोरी चढवणाऱ्यांनी पुढचं वाचू नये, लिम्ब पिळवटल्यावर टोकाची काळजी करण्यात अर्थ नाही.) एवढ्या एका सोयीवर पहिले तीन महिने मी भेटेल त्याला टोपी घ्यायला सांगत होतो. ज्यांनी ऐकलं त्यांची आता माफी मागतो.

वजनाची भीती होती. लिम्बच्या सगळ्या भागांत टोक सर्वांत वेगाने धावतं, त्यामुळे तिथला एकेक ग्रॅम बाणाच्या वेगातून वजा होतो. म्हणून तर कारागीर टोकं तासून तासून बारीक करतात. टोपी काट्यावर टाकली, ५ ग्रॅम भरली. २० मीटरवर मला तरी फरक दिसला नाही. माझा नेम ५ ग्रॅमचा फरक दाखवण्याइतका चांगला नाही, हेही खरं. विषय संपला.

चौथ्या महिन्यात आवाज सुरू झाला. बाण सुटला की 'टप्' ऐवजी 'टण्'. ब्रेस हाइट, म्हणजे मूठ आणि दोरी यांच्यातलं अंतर, मोजली, आठ इंचांना थोडी कमी. पाच-सहा बाण मारून पुन्हा मोजली, आणखी कमी. दोरी नवीन नाही, ताणली जाण्याचं कारण नाही. शेवटी भिंग घेऊन बसलो. टोपीची कड दुमडून फासाखाली गेली होती आणि फास खाचेत न बसता रबरावर बसला होता. रबर दबेल तसा सरकत होता. तो पूर्ण निसटला असता तर बाण न लावता दोरी सोडल्यासारखंच झालं असतं, सगळी ताकद परत लिम्बमध्ये. तेव्हापासून दोरी चढवली की दोन्ही फास बोटाने चाचपल्याशिवाय ओढत नाही. ही सवय टोपीमुळे लागली, हा तिचा उपकार म्हणायचा की अपकार, तुम्हीच ठरवा.

एकाने विचारलं होतं की टोपी लावली तर जुन्या धनुष्यावर फास्ट फ्लाइट दोरी चालेल का. अजिबात नाही. ती दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही, त्यामुळे थांबण्याचा सगळा झटका टोकाच्या खाचेवर येतो; टोकं मजबूत केलेली नसतील तर फास लाकडात रुततो. तिथे थोडी ताणली जाणारी डॅक्रॉनच बरी. टोपी टोकाला जमिनीपासून वाचवते, दोरीपासून नाही.

इथपर्यंत लिहून बरेच दिवस तसंच ठेवलं होतं. पुढचं जरा थंड डोक्याने लिहितोय.

टोपी यायच्या आधी मी धनुष्य जमिनीवर टेकवत नव्हतो. कधीच नाही. पाळी येईपर्यंत खालचं टोक बुटावर, हे पहिल्या महिन्यात शिकवलेलं. टोपी आली आणि मी बिनधास्त झालो. ओल्या गवतात टेकव, वाळूत टेकव, दव पडलेलं असताना टेकव. टोपी आहे ना! पाणी चिरांमधून आत गेलं, बंद तळामुळे अडलं, सोबत आलेल्या वाळूने रबर आणि व्हार्निश यांच्यामध्ये पॉलिशपेपरचं काम केलं. घरी आल्यावर टोपी काढायचा कंटाळा कोणाचा? माझाच. टोपीने मला टोपी घातली म्हणून ओरडत होतो, पण डोकं मीच पुढे केलं होतं.

तरीही तळाला भोक हवंच होतं. एक भोक! तीन मिलिमीटरचं! रबराला भोक पाडायला असा काय खर्च येतो?

टोकावर काहीतरी चढवणं ही काही नवी टूम नाही. इंग्लंडचं 'मेरी रोज' जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं, आणि त्यात शंभराहून जास्त धनुष्यं सापडली. टोकांवर शिंगाच्या खोळी होत्या, त्या जवळजवळ सगळ्या विरून गेल्या, पण त्यांच्याखालच्या लाकडाचा रंग उजळ राहिला. ४३७ वर्षं समुद्राखाली राहून त्यांची धनुष्यं टिकली आणि माझं आठ महिन्यांच्या दवात दुधी झालं. शिंग घट्ट बसवलेलं असायचं, पाणी शिरायला फट नाही. माझी टोपी म्हणजे पेला. आपल्याकडे धनुष्याच्या टोकाला 'कोटी' असा खास शब्द आहे; आता कोटी म्हटलं की पैसेच आठवतात, पण टोकाचीही किंमत असते.

दुरुस्ती आळशी माणसालाही जमेल अशी आहे. टोपी काढून धनुष्य चार दिवस सावलीत आडवं ठेवलं. उन्हात नाही, उष्णतेने गोंद मऊ पडतो. मग कापसाचा बोळा टोकावरून फिरवला. जिथे तंतू अडकले तिथे खूण केली. फट फक्त वरच्या थराखाली होती, लिम्बच्या आत गेली नव्हती, म्हणून पातळ सुपरग्लूचा थेंब फटीत ओढू दिला आणि दाबून ठेवला. ४०० नंबरचा पॉलिशपेपर, तोही हलक्या हाताने, आणि पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात, प्रत्येक वेळी रात्रभर वाळवून. डाग गेला. नख अडकत नाही. फट लिम्बच्या थरांमध्ये शिरली असती तर हे उपद्व्याप केले नसते, सरळ कारागिराकडे नेलं असतं.

नवीन टोपी घेतली नाही, जुनी चांगली असताना नवीन कशाला. तापवलेल्या खिळ्याने तळाला भोक पाडलं, दुमडणारी कड कात्रीने गोल केली, फास आता तिच्याखाली सापडत नाही. नळाखाली धरली तर पाणी धारेने खाली पडतं. हे मी घरातल्या प्रत्येकाला एकदा दाखवून झालंय. टोपी आता भात्याच्या कप्प्यात असते, मैदानावर गेल्यावर चढते, परतताना उतरते. असं ठरवलं तरी आहे.

काल गेलो तेव्हा चढवायला विसरलो. अर्ध्या तासाने लक्षात आलं, खाली बघितलं, तर टोक बुटावर होतं.