सुवर्णसौधची प्रेक्षक गॅलरी : प्रश्नोत्तरांचा तास बघायला जावं का?

सुवर्णसौध म्हणजे कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन जिथं भरतं ती बेळगावची इमारत. आधी गुण देऊन टाकतो. प्रश्नोत्तरांच्या तासाला पाचपैकी तीन. गॅलरीच्या व्यवस्थेला साडेतीन. आणि सभागृहात ठेवल्या जाणाऱ्या लेखी उत्तरांना, जी फारसं कुणी उघडत नाही, साडेचार.

मी शिक्षण खात्यात कारकून होतो, जिल्ह्यातल्याच एका तालुक्याला. डिसेंबर जवळ आला की आमच्या टेबलावर एलएक्यू यायला लागायचे. एलएक्यू म्हणजे आमदारानं विचारलेला प्रश्न. विधान परिषदेतला असला तर एलसीक्यू. दुपारी चारला फोन यायचा : पडक्या वर्गखोल्या किती, शिक्षकांच्या रिकाम्या जागा किती, माध्यमवार द्या, संध्याकाळपर्यंत द्या. मग सीआरपींना (शाळांच्या गटावर देखरेख ठेवणाऱ्यांना) फोन, मुख्याध्यापकांना फोन, व्हॉट्सॅपवर वहीच्या पानांचे फोटो. कन्नड, मराठी, उर्दू असे रकाने भरून कागद जिल्ह्याला, तिथून बंगळूरला. पुढं त्याचं काय होतं ते नोकरीत असताना कधी दिसलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र मी हिवाळी अधिवेशनाला जाऊन बसायला लागलो. कर्नाटकच्या अधिवेशनाला बसतोस होय, म्हणून मित्र डिवचतात. सीमाप्रश्न आपल्या जागी आहे आणि पहिल्या दिवशीच्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याचं दरवर्षी काय होतं ते बेळगावात कुणाला सांगायला नको. पण खानापूरच्या शाळेचं छप्पर गळतंय की नाही, याचा जाब सध्या तरी याच इमारतीत विचारला जातो.

इमारत हलगा-बस्तवाडच्या माळावर, पुणे-बंगळूर हायवेला लागून. 2006 मध्ये बेळगावचं पहिलं अधिवेशन केएलई शिक्षणसंस्थेच्या आवारात झालं; ही वास्तू 11 ऑक्टोबर 2012 ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते सुरू झाली. वर्षातले दोनेक आठवडे गजबज, बाकी वेळ शुकशुकाट. पायऱ्यांवर शेवया वाळत घातल्याचा फोटो 2022 मध्ये गाजला होता, आठवत असेल. बागेवाडीकडची बस पकडली तर सोपं. बायकोचं तिकीट 'शक्ती'मुळं, म्हणजे बायकांना मोफत बसप्रवासाच्या योजनेमुळं, शून्य, माझे पैसे पडतात. अधिवेशनात हायवेला बंदोबस्त आणि कोंडसकोप्पला आंदोलकांचे मंडप, म्हणून तासभर आधी निघा. परत येताना त्या मंडपांतून एक चक्कर मारा. आतल्या लेखी उत्तरात 'मानधनवाढीचा प्रस्ताव परिशीलनेत (म्हणजे विचाराधीन) आहे' असं एका ओळीत असतं, आणि ते मानधन ज्यांचं, त्या बायका इथं थंडीत सतरंजीवर बसलेल्या असतात.

तपासणी कडक आहे आणि त्याला कारण आहे. जुलै 2023 मध्ये बंगळूरच्या विधानसौधात एक गृहस्थ अर्थसंकल्पाच्या दिवशी आमदार असल्यासारखे आत जाऊन चक्क आमदाराच्या खुर्चीत बसले होते. पुढं त्याच वर्षी 13 डिसेंबरला लोकसभेत गॅलरीतून पोरांनी खाली उड्या मारल्या, तेव्हा इथं बेळगावात अधिवेशन चालूच होतं. त्यामुळं फोन, पिशवी बाहेर ठेवावी लागते म्हणून कुरकुर करू नका. गॅलरीत शाळा-कॉलेजची मुलं रांगेनं येतात, थोडा वेळ बसवून उठवली जातात. नेमका प्रश्न रंगात येतो तेव्हा त्यांच्या उठण्याचा गोंधळ. याचे गुण मी कापलेत.

सगळा व्यवहार कन्नडमध्ये. राज्यघटनेच्या 210 व्या कलमात, ज्या सदस्याला सभागृहाच्या भाषा येत नाहीत त्याला अध्यक्षांच्या परवानगीनं मातृभाषेत बोलायची सोय आहे. गॅलरीत बसणाऱ्यासाठी तसलं काही नाही. शेजाऱ्याला हळूच विचारायचं, तेही मार्शलची नजर चुकवून.

आता मुख्य माल. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतात, अतारांकितला फक्त लेखी. अध्यक्षांनी नाव पुकारलं की आमदार प्रश्नाचा क्रमांक सांगतो, मंत्री 'उत्तर दिलेलं आहे' म्हणतात आणि खरा खेळ उपप्रश्नावर सुरू होतो. इथंच तीन गुण का, ते कळतं. लेखी प्रश्न बहुतेक एकाच साच्यातले : 'अमुक बाब सरकारच्या गमनात (म्हणजे लक्षात) आली आहे का?' उत्तर : 'आली आहे.' 'आली असल्यास कोणता क्रम (म्हणजे कारवाई) घेतला?' उत्तर : 'अनुदानाच्या उपलब्धतेनुसार क्रम घेण्यात येईल.' शाळेचा प्रश्न असला तर आणखी एक ठरलेलं वाक्य : मुलांच्या शिक्षणात अडचण येऊ नये म्हणून अतिथी शिक्षक नेमले आहेत. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की अजून झोपेत म्हणून दाखवीन. वाक्य खोटं नसतं. पण अतिथी शिक्षक जूनमध्ये आला की ऑगस्टमध्ये, त्याचं मानधन कितव्या महिन्यात जमा झालं, हे कुणी विचारलंच नाही तर आमचं खातं स्वतःहून कशाला सांगेल?

म्हणून आमदार कसा आहे ते मी भाषणावरून ठरवत नाही, त्याच्या उपप्रश्नावरून ठरवतो. 'मंजूर किती, सोडले किती, खर्च किती, उरले ते परत गेले का' असं तारखेसकट विचारणारे मोजकेच, सगळ्या पक्षांत मिळून. तसा प्रश्न आला की मंत्र्यांच्या मागं अधिकाऱ्यांच्या कक्षात चिठ्ठ्यांची धावपळ सुरू होते. मला त्यात, खोटं कशाला बोलू, फार आनंद होतो. याउलट पुष्कळ जण उपप्रश्नाच्या नावाखाली आपल्या मतदारसंघातल्या रस्त्याचं निवेदन वाचतात, मंत्री 'बघतो' म्हणतात, वेळ संपते.

गृहलक्ष्मीचा, म्हणजे घरातल्या कर्त्या बाईला पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचा, विषय निघाला की गॅलरीतल्या बायका सावरून बसतात. महिन्याला दोन हजार, कुठल्या महिन्यापर्यंत जमा झाले, हे त्यांच्या पासबुकात आहे. मंत्र्यांचं उत्तर तिथल्या तिथं तपासता येईल असे विषय थोडेच असतात.

गंभीर प्रकरणात सभागृह काय करू शकतं हे 2024 च्या डिसेंबरात दिसलं. बळ्ळारीच्या सरकारी दवाखान्यात नोव्हेंबरात सिझेरियननंतर बाळंतिणी दगावल्या होत्या, संशय रिंगर लॅक्टेट सलाईनवर. इथं चर्चा झाली, आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांना औषधखरेदी आणि प्रयोगशाळांच्या तपासणीबद्दल बोलावं लागलं. आरडाओरडा झाला, पण औषध दवाखान्यात पोचेपर्यंत कुणाकुणाच्या हातून जातं, हे त्यातून लोकांना कळलं. गदारोळात तहकूब झालेल्या दिवशी एवढंही मिळत नाही. दिवस वाया, बसभाडं वाया.

साडेचार गुण लेखी उत्तरांना का दिले? तर मंत्र्यांनी सभागृहात न वाचलेले अनुबंध, म्हणजे उत्तराला जोडलेले तक्ते, तिथं असतात. तालुकावार, कधी शाळावार यादी. विधानसभेच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळतात, कन्नडमध्ये, काही नुसते स्कॅन केलेले, म्हणून अर्धा गुण कापला. आपल्या गावचं नाव शोधा. यादीत 'दुरुस्ती पूर्ण' असेल आणि खोलीला ताडपत्री असेल, तर ते पान छापून एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा सुधारणा समितीच्या, बैठकीत ठेवा. आमच्याकडं एकदा असं पान आलं होतं. साहेब दुसऱ्या दिवशी जीप घेऊन शाळेत.

खर्चाचा खरा हिशेब मात्र या तासात होत नाही. कॅगचा अहवाल राज्यपालांमार्फत सभागृहात येतो आणि लोकलेखा समितीकडं जातो. तिथं सचिवांना बसवून विचारतात, गॅलरी नाही, कॅमेरा नाही. अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटी शेवटी ठेवतात, आमदार गाडीची वाट बघत असतात तेव्हा.

पास हवा असेल तर तारखा जाहीर झाल्याबरोबर आमदाराच्या पीएला गाठा, आधारची झेरॉक्स द्या. आठवड्याच्या मधला दिवस निवडा, सोमवार नको. आदल्या रात्री प्रश्नांची यादी वेबसाइटवर बघून आपल्या खात्याचा दिवस आहे का ते ठरवा. स्वेटर न्या, दोन घास खाऊन जा. पीएनं 'कशाला जाताय, टीव्हीवर दिसतंय की' असं म्हटलं तरी पास घ्याच. टीव्हीवर त्या मागच्या चिठ्ठ्या दिसत नाहीत.