पक्षांतर की दोन्ही बाजूंना तीच क्रिया?

मोंढ्यात सोयाबीन नेलं. पोत्यामागं १२ रुपये हमाली, टेम्पोचं भाडं ८००, एकूण खर्च १४०० रुपये. पोती किती? ती क्ष मानली तर समीकरण: १२क्ष + ८०० = १४००.

पक्षांतरानं, म्हणजे समीकरणाची बाजू बदलून, ८०० उजवीकडे नेले की वजा होतात: १२क्ष = ६००, क्ष = ५०. दोन ओळींत काम झालं. पण घोळ पुढच्याच पायरीला होतो. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढंच पाठ असलेली पोरं १२ सुद्धा वजा करतात, म्हणजे क्ष = ५८८. एका टेम्पोत ५८८ पोती! १२ हा क्षला गुणलेला आहे, म्हणून तिथं भागाकारच हवा.

दुसरी रीत म्हणजे दोन्ही बाजूंना तीच क्रिया: दोन्ही बाजूंतून ८०० वजा करा, मग दोन्ही बाजूंना १२ नं भागा, असं लिहिलं की ही चूक सहसा होत नाही. लिखाण वाढतं, हे खरं.

अपूर्णांकात तर हीच रीत धरावी. क्ष/३ + २ = ७ ला ३ नं गुणताना २ लाही गुणायचं: क्ष + ६ = २१, क्ष = १५. तो २ तसाच राहिला तर १९ येतं.

आठवीपर्यंत दुसरी रीत, हात बसल्यावर पक्षांतर. उत्तर मूळ समीकरणात घालून पडताळणं मात्र दोन्हींत सारखंच: १२ × ५० + ८०० = १४००.